पाळण्याच्या कडीला क्रँक

शब्द कोंडिबांनी दिला, तोही भरल्या मांडवात, हातात जिलबी असताना.

शिरूरला ओळखीच्या घरचं लग्न होतं. आनंदराव बागायतदार पंगतीतून आग्रह करत फिरत होते. कोंडिबांच्या पानापाशी आले आणि त्यांची जीभ नेहमीसारखी वळवळली.

"काय कोंडिबा, गाडी काय म्हणती?"

"बरी हाय की."

"बरी म्हंजी? चार डब्यांत हाय का पाच झालं आता?"

पंगत हसली. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ती गाडी पाहिलीही नव्हती. पण दौंडच्या कोंडिबाची डब्यांतली गाडी हा विनोद शिरूरपर्यंत येऊन जुनाही झाला होता.

गाडी मात्र खरी होती. एमजी कंपनीची, १९५१ सालची, हिरवी, दोनच माणसांपुरती, वर कापडी टप आणि पुढं बटाट्यासारखे दोन मोठे दिवे. दौंडच्या रेल्वे कॉलनीत बार्कर नावाचे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहत, त्यांची. मेल गाड्या हाकणारा तो माणूस ड्यूटी संपली की ही इंग्लंडची गाडी काढून बाजारातून निघे, आणि पोरं मागं धावत. त्या पोरांत मामाच्या गावी सुटीला आलेले दहा वर्षांचे आनंदरावही असत.

बार्करसाहेब १९७८ साली कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा गाडी मागणारे पुष्कळ होते. त्यांनी ती कोंडिबांना दिली. कोंडिबा तेव्हा दौंड जंक्शनवर चाकं ठोकून तपासायच्या कामावर होते. लांब दांड्याचा हातोडा घेऊन उभ्या गाडीच्या कडेनं चालायचं, एकेका चाकाला ठोका द्यायचा आणि ऐकायचं. निरोगी चाक घंटेसारखं बोलतं, तडा गेलेलं चाक फुटक्या मडक्यासारखं. "तुझा कान सच्चा आहे," एवढंच बार्करसाहेब म्हणाले होते आणि किल्ली हातावर ठेवली होती.

सहा वर्षं कोंडिबांनी ती चालवली. मग धूर सोडायला लागली म्हणून इंजिन खोललं, आणि खोललेलं इंजिन काही मिटेना. ड्यूट्या, पोरींची शिक्षणं, बायकोचं दुखणं, आणि सगळं सरल्यावर काचबिंदूनं डोळ्यांवर पडदा ओढला. इंजिनाचे सुटे भाग ग्रीसच्या चार डब्यांत तसेच राहिले.

"देऊन टाका मला," आनंदराव दरवर्षी म्हणायचे. "देवावाणी सांभाळीन."

"द्यायची न्हाई. चालवायची हाय," कोंडिबांचं दरवर्षीचं उत्तर.

त्या दिवशी मांडवातही तेच उत्तर आलं, आणि आनंदराव इरेला पेटले. "चाळीस वर्सं ऐकतोय चालवायची, चालवायची! बरं, आता एकच सांगतो. बुद्धपौर्णिमेला दुपारी बाराच्या आत शिरूरला माझ्या दारात चालवत आणा. आणली, तर पुन्हा तिचं नाव काढणार न्हाई. न्हाई आणली, तर बाराच्या ठोक्याला माझा टेम्पो दौंडला निघंल आन् गाडी माझी. हाय कबूल?"

कोंडिबांनी जिलबी पानात ठेवली, हात पुसला.

"दिला शब्द."

समोरच्या बायकांच्या पंगतीत अंजनाचा, त्यांच्या थोरल्या लेकीचा, घास हातातच राहिला. वडलांचा शब्द म्हणजे काय ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? कोंडिबा रोज पहाटे त्रिसरण-पंचशील म्हणत, आणि तिलाही ती सवय त्यांनीच लावली होती. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं शील. दिलेला शब्द फिरवणं हेही खोटंच, अशी त्यांची साधी समजूत. त्या समजुतीपायी त्यांनी आयुष्यात बरंच सोसलं होतं.

परतताना ती म्हणाली, "आबा, मला इचारायचं तरी."

"तू इंजिनं बांधतीस का न्हाई?"

"कंपनीत बांधते."

"मंग आता घरी बांध."

अंजना रांजणगावच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं इंजिनांच्या लाइनवर होती. तिच्या जागेवर ब्लॉक यायचा, त्यात ती क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो वाकावाकांचा जाड दांडा, बसवायची, बेअरिंगच्या टोप्या लावायची, ठरल्या मापानं बोल्ट आवळायची आणि प्रत्येक बोल्टावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ ओढली की तो बोल्ट तिच्या मनातून गेला. तिच्या हातची इंजिनं कुठल्या कुठल्या देशांत धावत असतील. परत मात्र एकही आलं नव्हतं.

पिकअपमधून ब्लॉक, हेड, चार डबे आणि वडील असे सगळे शिरूरला तिच्या घरी आले. गाडीचं धूड दौंडलाच पत्र्याखाली राहिलं. बाहेरच्या खोलीतला पलंग उभा करून भिंतीला लावला, लाकडी टेबलावर धुतलेली पांढरी चादर अंथरली. तिचा नवरा सुमित कंपनीची बस चालवायचा. त्यानं दारातून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"लोकांच्या बायका बाळंतपणाला माहेरी जात्यात. हितं माहेरच बाळंतपणाला आमच्याकडं आलं."

"धरू लागा," अंजना म्हणाली. "का पाणी तापवताय?"

पहिली पाळी करून साडेतीनला ती सुटायची, आणि गुरुवारी सुट्टी. तेवढ्यात काम. कोंडिबा खुर्चीवर बसून डब्यातला एकेक भाग हातात घेऊन चाचपत आणि नाव सांगत. बेचाळीस वर्षांपूर्वी खोललेलं इंजिन त्यांच्या बोटांना पाठ होतं. "ह्यो दुसऱ्या पिस्टनचा दांडा. ह्याच्या कडंला खाच हाय बघ." खाच असायचीच. पिस्टन, बेअरिंगा, गॅस्केटं असा नवा माल सुमितनं फोनवरून इंग्लंडहून मागवला. पार्सल आलं तेव्हा गल्लीतली चार माणसं बघायला आली, कारण इंग्लंडहून शिरूरला काही येतं हेच नवल.

ब्लॉकच्या झिजलेल्या नळ्यांना बोअर मारायचं आणि क्रँक घासायचं काम बायपासजवळच्या मल्हारकडं दिलं. मल्हारचा जन्म ट्रॅक्टरच्या इंजिनांत गेलेला. या इंजिनाचा पहिला बोल्ट काढतानाच तो चक्रावला. डोक्याला पाना इंग्रजी मापाचा लागे, पण आटे मिलिमीटरचे, तेही जुन्या फ्रेंच पद्धतीचे.

"ताई, सून फ्रान्सची आन् सासर इंग्लंडचं! ह्यांचं जमलं कसं?"

"सत्तर वर्सं नांदतीय," खुर्चीवरून कोंडिबा म्हणाले. "तू नको मोडू."

मल्हारचं काम चोख. क्रँक घासून आली ती झळाळत. तडा बघायची लाल रंगाची परीक्षाही त्यानं केली होती: रंग लावायचा, पुसायचा, वरून पांढरी फवारणी करायची, बारीकशीही चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. एकही रेघ उमटली नव्हती. पौर्णिमेला बारा दिवस होते आणि अंजनाच्या मनातली जुळणी पुरी झाली होती.

"आबा, क्रँक आली. आरशागत झालीय."

"आरसा मला काय करायचाय? टांग."

बाहेरच्या खोलीच्या छताला पाळण्याची कडी होती. अंजनाची लेक त्या पाळण्यात वाढून आता पुण्याला कॉलेजात गेली होती. कडीला दोर बांधून सुमितनं क्रँक उभी टांगली. कोंडिबांनी आपला हातोडा मागितला, दांडा आखूड धरला, डावा हात क्रँकवरून फिरवला आणि एक हलका ठोका दिला.

टक्.

जमिनीवर वीट ठेवावी तसा आवाज. पुन्हा ठोका. टक्.

"मेलीय ही," कोंडिबा म्हणाले.

अंजनानं फोन लावून मल्हारला सांगितलं. स्पीकरवर तो हसला. "आबा, ते आगगाडीचं चाक व्हतं. ही क्रँक हाय. हिचं हाड येगळं."

"हाड कुठलं बी असंना. निरोगी हाय तर बोलाय पायजे."

"रंगाची परीक्षा खोटी म्हणताय का मग?"

"मी तुझ्या रंगाला खोटं म्हणत न्हाई. पर माझ्या कानाला बी म्हणणार न्हाई."

इंग्लंडहून दुसरी क्रँक मागवायला दिवस नव्हते. ही टाकून दिली तर शब्द गेला, गाडी गेली, आणि वडील चारचौघांत खाली मान घालून बसलेले दिसायला लागले. अंजनाच्या तोंडून निघून गेलं, "आबा, वय झालं की कानसुद्धा..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही. कोंडिबांनी हातोडा भिंतीला टेकवला आणि दोर सोडायला सुमितला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून आल्या आल्या तिनं क्रँक ब्लॉकमध्ये बसवली. तिन्ही बेअरिंगांत मेणाचा बारीक धागा ठेवून, टोप्या आवळून, पुन्हा काढून चेपलेल्या धाग्याच्या रुंदीवरून मधली फट मोजली. माप अगदी हवं तसं. टोप्या परत लावल्या, बोल्ट आवळले, पिवळ्या रेघा ओढल्या. हातानं फिरवली तर क्रँक लोण्यातून फिरावी तशी फिरली.

"आबा, हात लावून बघा की. कशी फिरतीय. आता तरी बरी म्हणा."

कोंडिबांनी हात लावला. बराच वेळ फिरवली.

"तू बांध, पोरी. मी आडवा येणार न्हाई. पर बरी हाय असं माझ्या तोंडनं निघायचं न्हाई."

पहाटे पाचला अंजना आंघोळ करून मूर्तीपुढं बसली. मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, हात जोडले. पहिलं शील म्हटलं, दुसरं, तिसरं. चौथ्याला थांबली. ती पाणी प्यायली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडखळली.

तिला खरोखर वाटत होतं का, की वडलांचा कान गेला? चार दिवसांपूर्वीच सुमितची मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी असताना ते आतून म्हणाले होते, "चेन सुकलीय त्याची, तेल घालाय सांग." चेन सुकलेलीच होती. कंपनीच्या सात बसगाड्या रस्त्यावरून जात. कुठली सुमितची ते त्यांना उंबऱ्याआडून कळे. कान शाबूत होता आणि ते तिला ठाऊक होतं. दिवस थोडे उरले म्हणून तिनं वडलांचा कान म्हातारा ठरवला होता. तिनं मेणबत्तीकडं पाहत राहून मनाशी कबूल केलं आणि मग चौथं शील म्हटलं. या वेळी ते नीट निघालं.

कंपनीत फोन करून सुट्टी टाकली आणि पिवळ्या रेघा मारलेले बोल्ट तिनं एकेक करून सैल केले. एकोणीस वर्षांत स्वतःची रेघ स्वतः मोडायची ही पहिली वेळ.

पान्याचा आवाज ऐकून कोंडिबा बाहेर आले. "खोलतीयस?"

"व्हय. तुम्ही मेली म्हणताय, मल्हार जित्ती म्हणतोय. दोघं बी खोटं बोलणारी माणसं न्हाईत. म्हंजी तिसरंच काय तरी हाय."

क्रँक पुन्हा कडीला चढली. या वेळी कोंडिबांनी घाई केली नाही. खाली एक ठोका, मध्ये एक, वर एक. प्रत्येक ठोक्यानंतर कान अगदी लोखंडाजवळ. पंधरा-वीस ठोके झाले. मध्यावरच्या एका वाकाशी ते थांबले, तिथंच तीनदा ठोकलं आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू मोकळी झाली.

"चुकलो बघ मी. मेलेली न्हाई ही. रडत बी न्हाई. तोंडात घास धरून बोलल्यागत बोलतीय. हिच्या तोंडात काय तरी हाय, अंजने."

अंजना खाली बसून त्या वाकाकडं पाहू लागली. तिथं पितळेचं एक बूच होतं, स्क्रूसारखी खाच असलेलं, शर्टाच्या बटणाएवढं. अशी चार होती. तिनं ती पहिल्या दिवसापासून पाहिली होती आणि क्रँकचाच भाग समजून सोडून दिली होती. तिच्या लाइनवर क्रँक यायची ती एकसंध. आतून तेलाची वाट, पण तिला कुठं बूच नाही, ती उघडायची कुणाला गरज नाही. उघडता येतं हेच एकोणीस वर्षांत डोक्यात आलं नव्हतं.

तिनं अंगठ्याचं नख खाचेत घातलं. बूच फिरलं. नखानं फिरलं! दोन फेऱ्यांत हातात आलं, आणि मागं तेलाच्या वाटेत काळं, दगडासारखं काहीतरी तोंडापर्यंत ठासून भरलेलं दिसलं. सत्तर वर्षांच्या तेलाचा गाळ, त्यात आता मल्हारच्या घासकामाची पूड.

मल्हार दहा मिनिटांत आला. बुचाकडं पाहून त्यानं जीभ चावली.

"मल्हार, तुम्ही बुचं काढून साफ न्हाई केली?"

"ताई, खरं सांगू का? ट्रॅक्टरची क्रँक आली की मी पहिलं बूच काढतो, मग दुसरं काम. पर तुम्ही कंपनीच्या! पिवळ्या रेघावाल्या. तुम्ही साफ केल्याबिगर देताल व्हय? इचारलं असतं तर म्हणला असता, ह्यो ट्रॅक्टरवाला आम्हाला शिकवतोय."

"आन् मी म्हणलं, तुमचा जलम ह्यात गेला. तुम्ही बघितलंच असंल."

"बघा," कोंडिबा म्हणाले, "दोघांनी एकमेकाचा मान राखला आन् मधी क्रँक मरत व्हती."

मधल्या दोन्ही बेअरिंगांना तेलाचा थेंब पोचला नसता. वाटेतल्या चौफुल्यापर्यंतही गाडी गेली नसती. नव्या बेअरिंगा वितळून पिस्टनचा दांडा ब्लॉक फोडून बाहेर आला असता, आणि तेही वडील शेजारी बसलेले असताना. अंजना भिंतीला टेकून बसली.

"आबा, चुकलं माझं."

"क्रँकचं का कानाचं?"

"दोन्ही."

"कानाचं ऱ्हाऊ दे. क्रँकचं बघ, दिवस थोडं हायेत."

मग दोन दिवस त्या घरात डिझेलच्या वासाशिवाय दुसरा वास नव्हता. क्रँक परातीत भिजली. गाळ फोडायला सायकलची तार, खरवडायला लेकीच्या दुधाच्या बाटलीचा ब्रश. माळ्यावर कुठं होता तो सुमितनंच शोधून आणला. एका बाजूनं पिचकारी मारली की दुसऱ्या बाजूनं धार स्वच्छ यावी, तोवर थांबायचं नाही. मल्हारनं पितळेची चार नवी बुचं लेथवर काढून आणली, स्वतःच्या हातानं घट्ट बसवली आणि पुन्हा ढिली होऊ नयेत म्हणून कडेला पोलादी पंचाचा ठोका देऊन अडवली.

क्रँक तिसऱ्यांदा कडीला चढली. कोंडिबांनी हातोडा उचलला तेव्हा मल्हारनं टोपी काढून हातात घेतली.

टण्णण्...

आवाज निघाला तो थांबेना. मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या थरथरायला लागल्या. समोरच्या घरातली बाई गॅलरीत येऊन विचारू लागली, "कुठं घंटा वाजतीय हो?" कोंडिबा मान वाकडी करून ऐकत राहिले आणि शेवटी त्यांनीच तळहात लावून तो थांबवला.

तिथून पुढं इंजिन बांधायला पाच दिवस लागले. पिस्टन, दांडे, हेड, व्हॉल्व, कार्ब्युरेटरची जोडी. अंजना आवळायची, मल्हार दुसऱ्या पान्यानं तपासायचा, आणि तपासून झाल्यावरच रेघ. आता कुणी कुणाचा मान राखत नव्हतं. "ताई, ह्यो बघितला का?" "बघितलाय. तुम्ही बघा." "मी बघितलाय, पर तुम्ही पुन्हा बघा."

इंजिन दौंडला नेऊन गाडीत उतरवलं तेव्हा पौर्णिमेला तीन दिवस होते. सकाळची वेळ. जुन्या कॉलनीतली रिटायर झालेली रेल्वेची माणसं पत्र्याच्या शेडभोवती जमली होती, खुर्च्या घेऊन, जणू तमाशाच आला होता. अंजनानं आधी प्लग काढून ठेवले, सुमितला पुढच्या हँडलला लावलं. तो घामाघूम होऊन फिरवत होता आणि ती एका काट्याकडं पाहत होती. तेलाच्या दाबाचा काटा. तो शून्यावरून हलला, थबकला, आणि वर चढू लागला.

"पोचलं तेल," ती म्हणाली. "प्लग लावा."

पहिल्यांदा नुसती गुरगुर. दुसऱ्यांदा कार्ब्युरेटर असा फटकन शिंकला, की सुमित मागं उडी मारून एका खुर्चीवाल्याच्या मांडीवर जाऊन बसला. माणसं खदखदून हसली. अंजनानं चोक थोडा आत सारला आणि तिसऱ्यांदा स्टार्टरची दांडी ओढली.

इंजिन लागलं.

आधी अडखळत, एका पायावर उड्या मारत असल्यासारखं. मग चारही पिस्टन एका तालात आले आणि शेडचे पत्रे त्या तालात गुणगुणू लागले. चाळीस वर्षांची धूळ वरून झरझर खाली पडली. काटा साठावर जाऊन स्थिर झाला. कुणीतरी शिट्टी मारली, कुणी टाळ्या वाजवल्या, एक म्हातारा गार्ड उभा राहून खिशातल्या रुमालाची हिरवी झेंडी दाखवू लागला. त्याचा रुमाल निळा होता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

कोंडिबा बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते. अंजना वाट पाहत होती. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"बरी हाय," ते म्हणाले.

तिला रडू आलं. हात तेलाचे होते म्हणून डोळे कोपरानं पुसले.

पौर्णिमेला पहाटे कोंडिबा आणि अंजना दौंडच्या विहारात गेले. दोघंही पांढऱ्या कपड्यांत, दोघांनी दिवसभराची आठ शीलं घेतली. त्यांत दुपारी बारानंतर जेवायचं नाही, आणि उंच, ऐसपैस आसनावर बसायचं नाही. गाडीत बसताना सुमित म्हणाला, "आबा, ह्या सायबाच्या गाडीत बसल्यावर तुमचं ते आसनाचं शील ऱ्हातंय का?"

कोंडिबा गुडघे छातीशी घेऊन कसेबसे आत सरकले. बूड रस्त्यापासून वीतभर वर. "हिच्यापरीस खालचं आसन घावलं तर मला दाखव," ते म्हणाले.

नवं बांधलेलं इंजिन, ताशी चाळीसच्या वर न्यायचं नाही असं अंजनानं ठरवलं होतं. पाटसच्या रस्त्याला त्यांना ट्रकनं ओलांडलं, एसटीनं ओलांडलं, दुधाच्या कॅना लावलेल्या मोपेडनंही ओलांडलं, आणि मोपेडवाला पुढं जाऊन थांबून फोटो काढत होता. मागून सुमित मोटरसायकलवर, हँडलला पाण्याचे दोन कॅन. चौफुल्याला चहाच्या टपऱ्या रिकाम्या झाल्या. "कितीला घेतली?" एकानं ओरडून विचारलं. "ऐकून घेतली!" कोंडिबांनी ओरडून सांगितलं.

ऊन चढलं. पारगावच्या पुलाच्या अलीकडं रेडिएटरच्या टोपणातून वाफेची बारीक रेघ निघाली. अंजनानं लगेच गाडी कडेला झाडाखाली घेऊन बंद केली.

सुमित कॅन घेऊन धावला. "घालू?"

"हात लावू नका. तापलंय, तोंडावर उडंल. थंड होऊ द्या."

"साडेधा वाजल्यात, अंजना."

"वाजू द्यात."

वीस मिनिटं ती झाडाखाली मांडी घालून बसली. तीन महिन्यांपूर्वी तिनं टोपण कधीच उघडलं असतं. कोंडिबा भीमेच्या पात्राकडून येणाऱ्या वाऱ्याकडं तोंड करून बसले होते. त्यांनी वेळ विचारली नाही. टोपणाला हात लागायला लागला तेव्हा पाणी घातलं, दांडी ओढली, आणि इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. पूल ओलांडून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागताना काटा साठावरच होता.

शिरूरला आनंदरावांच्या दारात टेम्पो उभा होता. फाळका उघडा, दोराचं वेटोळं तयार, आणि ड्रायव्हर भैरू टपावर पाय पसरून बसलेला. ओसरीत आनंदराव खुर्चीवर, हातात फोन, त्यात घड्याळ. हे सगळं अंजनाला कोपऱ्यावरून वळतानाच दिसलं. आणि हेही दिसलं, की आवाज कानी पडताच आनंदराव ताडकन उठले, फोन खुर्चीवर टाकला आणि पायात काही न घालता तापल्या रस्त्यावर पळत आले. चौसष्ट वर्षांचा, साखर कारखान्याच्या राजकारणात केस पिकलेला माणूस, धोतराचा सोगा हातात धरून.

बाराला सतरा मिनिटं कमी होती.

"बंद करू नका!" ते ओरडले. "जरा ऐकू द्या."

गाडी तशीच गुरगुरत उभी राहिली. आनंदराव तिच्याभोवती एक फेरी फिरले. दिव्याला हात लावला, चाकाला लावला. मग कोंडिबांच्या बाजूला आले आणि दार स्वतः उघडलं.

"जिंकलात. आज पंचक्रोशीत सांगतो मी, जिंकलात. या, वर या." त्यांनी कोंडिबांना हात धरून उठवलं, पायऱ्या सांगत सांगत ओसरीवर नेलं आणि आपलीच खुर्ची पुढं केली. आनंदरावांच्या वडलांच्या काळात, रेल्वेत लागण्याआधी, कोंडिबा इथं कामाला आले की या पायऱ्यांच्या खाली उभे राहत. "आज आठ शीलं घेतलीत आम्ही दोघांनी," म्हणत कोंडिबा खुर्चीऐवजी ओसरीवरच भिंतीला रेलून बसले आणि आरामात पाय पसरले.

आनंदराव मात्र परत गाडीपाशी येऊन घुटमळत होते. अंजनानं शेजारच्या रिकाम्या जागेवर थाप मारली.

"बसा."

"मी?"

"लहानपणी पळत व्हता न्हवं हिच्या मागनं? आता आत बसा."

ते बसले. गुडघे छातीशी, दोन्ही हात मांडीवर, शाळेत पहिल्या दिवशी बसवावं तसे. टेम्पोच्या टपावरून भैरूनं विचारलं, "मालक, मंग मी काय भरू?"

"काय न्हाई. घरी जा, पौर्णिमा हाय. आन् आत सांग, बाराच्या आत पानं वाढा म्हणावं, दोघांचं व्रत हाय."

गाडी बाजाराच्या रस्त्याला लागली. दुकानांतली माणसं पायरीवर येत होती. आनंदराव ओळखीच्यांना हात करत होते, अनोळख्यांनाही करत होते.

"अंजनाताई, जरा दाबा की. किती पळती ती?"

"चाळीसच्या वर न्हाई. पाचशे किलोमीटर होईस्तोवर."

"आन् आज किती होत्यात?"

"दौंडला माघारी गेलो की सव्वाशे."

आनंदरावांनी बोटांवर हिशेब केला. "मंग अजून पावणेचारशे ऱ्हात्यात," ते गंभीरपणे म्हणाले. "उद्या कितीला निघायचं?"

अंजना मोठ्यानं हसली, चौकात हॉर्न वाजवला आणि गाडी आनंदरावांच्या घराकडं वळवली. घड्याळात बाराला पाच मिनिटं कमी होती.